शेषरावांचा हिरवा रांजण

शेषराव जवंजाळांनी रांजणाला हिरवा रंग लावला, तो निव्वळ काटकसरीच्या विचारानं. त्यात दुसरा काही हेतू नव्हता.

फाल्गुन सरत आला होता. सावरखुट्याच्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि बायकांना घागरभर पाण्यासाठी दोर पुरत नव्हता. अशा दिवसांत ओसरीतल्या नव्या रांजणाखाली सदा ओल असायची. त्या ओलीत घरच्या कोंबड्या पंख पसरून बसायच्या, आणि त्यांचं ते सुख शेषरावांना बघवत नसे. बैलगाडीच्या चाकांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट कोठीत पडून होता. एका सकाळी त्यांनी रांजण रिकामा केला, उन्हात वाळवला आणि त्याला गळ्यापासून बुडापर्यंत रंग फासायला सुरुवात केली.

रुखमाबाई शेण काढून आल्या आणि उभ्या राहिल्या.

"काय करून राह्यले जी?"

"गळती बंद करून राह्यलो."

"पन रांजन तं पाझरतच असते."

"म्हनूनच तं थांबवा लागते. दिवसाले तांब्या-दोन तांबे पानी तुह्या कोंबड्या पेऊन राह्यल्या."

"सारेच रांजन पाझरतात. काऊन पाझरत असतीन?"

"कच्चे राह्यतात म्हनून," शेषराव ब्रश न थांबवता म्हणाले. "कुंभार सरपन वाचोते. पुरता जाळ नाही देत."

इथं शेषरावांबद्दल एक सांगायला हवं. त्यांना माहीत नाही अशी गोष्ट सावरखुट्यात कुणाच्या ऐकण्यात नव्हती. म्हणजे त्यांना माहीत नसलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण 'मले माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मलकापूरला रेल्वेचं इंजिन दोनदा पाहिल्यावर ते कसं चालतं हे त्यांनी गावाला समजावून सांगितलं होतं, आणि मलकापूरला न गेलेल्या सगळ्यांना ते पटलंही होतं. रुखमाबाईंचं नेमकं उलट. त्यांना पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीचं 'काऊन', म्हणजे 'का', पडायचं. कावळा एका डोळ्यानं काऊन पाहते, दही हिवाळ्यात लवकर काऊन लागत नाही, सावली सकाळी लांब अन् दुपारी आखूड काऊन. त्या विचारायच्या, शेषराव सांगायचे, आणि संसार असा प्रश्नोत्तरांवर बरा चालला होता.

रंग वाळला. रांजण भरला. खाली थेंबसुद्धा सांडला नाही. कोंबड्या आल्या, कोरड्या जमिनीवर जरा उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी शेषरावांनी चावडीवर ही बातमी दिली. चावडीवर तेव्हा रोज माणसं जमत, कारण ग्रामपंचायतीला सरकारकडून रेडिओ मिळाला होता. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि सावरखुट्याच्या दृष्टीनं नव्या राज्यातून गावापर्यंत पोचलेली ही पहिली वस्तू. लाकडी पेटीत रेडिओ, पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली ग्रामसेवक उत्तमरावांच्या गळ्यात जानव्यासारखी, आणि बाहेर कडुनिंबावर कर्णा. बॅटरीवर चालायचा. बाजारभाव आणि बातम्या रोज. पण गुरुवारी चावडी भरून जायची. गुरुवारी 'असं का?' नावाचा कार्यक्रम लागे. लोक पत्रानं प्रश्न विचारत आणि एक विज्ञानाचे जाणकार गृहस्थ सावकाश, गोड आवाजात उत्तर देत. पुरुष पारावर बसत, बायका शाळेच्या भिंतीच्या आडोशानं. शेषराव पेटीच्या अगदी जवळ बसत आणि प्रत्येक उत्तर संपलं की मागं वळून म्हणत, "हेच मी म्हनत होतो."

तर त्या संध्याकाळी शेषराव म्हणाले, "थेंब गळत नाही. पाह्यजे तं येऊन पाहा."

पाण्याच्या टंचाईत ही गोष्ट लोकांना पटली. चहाच्या हॉटेलचा मालक कडूबा दुसऱ्या दिवशी येऊन पाहून गेला. त्याच्या हॉटेलात दोन रांजण होते. उरलेला डबा तो घेऊन गेला. मग उत्तमरावांना वाटलं, चावडीवरचा सार्वजनिक रांजणही वाया पाणी घालवतोच. ते चिखलीला मीटिंगला गेले होते, येताना रंगाचे डबे घेऊन आले. आठवड्याच्या आत सावरखुट्यात जवळजवळ सगळे रांजण हिरवे झाले. एकाच माणसाच्या हातचे असल्यासारखे ते घरोघरी ओसरीत चमकत होते, आणि रस्त्यानं जाताना शेषराव त्यांच्याकडे आपल्याच लेकरांकडे बघावं तसे बघत.

पाणी गार होत नाही हे पहिल्यांदा रुखमाबाईंच्या लक्षात आलं. शेतातून आलेल्या शेषरावांना त्यांनी तांब्या दिला. शेषरावांनी घोट घेतला, चूळ भरावी तसा तोंडात फिरवला आणि गिळला.

"चुलीवरचं देलं काय?"

"रांजनातलंच हाय."

शेषराव उठले, रांजणात हात घालून आले. "नवा हाय अजून. रंगाची ऊब उतरू दे. दोन-चार दिवसानं बर्फासारखं होईन."

दोन-चार दिवस गेले. पाणी जास्तच कोमट झालं. एव्हाना कडूबा, उत्तमराव आणि आणखी चार-सहा जण ओसरीत येऊन बसले होते. कडूबाच्या हॉटेलात एसटीतून उतरलेल्या एका प्रवाशानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावून विचारलं होतं की चहात पत्ती टाकायची राहिली का.

"भाऊ, पानी तापून राह्यलं," कडूबा म्हणाला. "काऊन?"

शेषरावांनी फार वेळ घेतला नाही. "हिरवा रंग ऊन ओढते. पिकं हिरवीच असतात, ऊन पेतात. याच्यावर पांढरा हात मारा. पांढरा ऊन वापस पाठोते."

हे इतकं सरळ होतं की कुणाला शंका आली नाही. उत्तमराव पुन्हा चिखलीला जाऊन पांढरा रंग घेऊन आले. हिरव्यावर पांढरा हात बसला. काही घरी तो नीट बसला नाही आणि रांजण पोपटाच्या पिलांसारखे ठिपक्याठिपक्यांचे दिसू लागले. पाणी होतं तसंच राहिलं. कडूबाच्या मते थोडं वाढलंच.

पुन्हा सगळे ओसरीत. या वेळी शेषरावांनी मिशीवरून हात फिरवला, छताकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं.

"मातीच खराब हाय. कचरूनं औंदा माती बदलली."

कचरू कुंभार गावाच्या खालच्या अंगाला राहायचा. अक्षय तृतीया, म्हणजे वऱ्हाडातली अखजी, तोंडावर आली होती. अखजीला पितरांच्या नावानं नवी घागर भरायची असते. कचरूच्या वर्षाच्या विक्रीतली अर्धी त्या एका सणावर होई. त्याच्या अंगणात घागरींच्या उतरंडी लागल्या होत्या. आणि शेषरावांचं वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणी म्हणालं, यंदा घागरी अमडापूरच्या बाजारातून आणू. कुणी म्हणालं, पितरांना कोमट पाणी कसं ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी कचरू जवंजाळांच्या दारात आला. आत आला नाही. पायरीखाली उभा राहिला.

"भाऊ, तुमी म्हनले माती खराब."

"पानी गार होत नाही रे कचरू. आता म्या काय म्हनावं?"

"माती नाल्याचीच हाय. माहा बाप बी तिथलीच आनत होता." कचरूनं नाल्याकडे पाहिलं. "पन तुमी म्हनता तं असन काही. नाल्याले वरून काही आलं असन. मले काही समजून नाही राह्यलं."

तो भांडायला आला असता तर शेषरावांना बरं वाटलं असतं. तो स्वतःच्याच मातीवर शंका घेऊन परत गेला. त्या दिवशी शेषराव नीट जेवले नाहीत, आणि कारण विचारल्यावर त्यांनी भाजीत मीठ जास्त असल्याचं सांगितलं.

रुखमाबाईंना मात्र एक गोष्ट खुपत होती. कचरूकडून त्यांनी एकाच दिवशी दोन रांजण घेतले होते. एक घरी ठेवला, दुसरा मळ्यात विहिरीजवळ. मळ्यातल्या रांजणाला रंग लावलेला नव्हता. त्याचं पाणी पिताना दात शिवशिवत.

"मळ्यातला रांजन बी कचरूचाच हाय," त्या म्हणाल्या. "त्याचं पानी काऊन गार हाय?"

"मळ्यात आंब्याची सावली हाय."

दुसऱ्या दिवशी शेषराव अमडापूरच्या बाजाराला गेल्यावर रुखमाबाईंनी मळ्यातला रांजण गाडीत घालून घरी आणला. ओसरीत, रंगवलेल्या रांजणाच्या शेजारी ठेवला. एकाच विहिरीचं पाणी दोन्हीत भरलं आणि संध्याकाळी दोन्हीत एकेक हात घातला. एक हात गार, एक कोमट. मग हात बदलून घातले, न जाणो आपल्या हातातच काही फरक असेल. तरी तेच.

म्हणजे हे रंगानं होत होतं, एवढं दिसत होतं. पण काऊन, ते कळत नव्हतं. रंग तर बाहेरून लावलेला. पाणी आतमध्ये. बाहेरच्याला आतलं कसं कळतं? हा विचार त्यांच्या डोक्यात असा बसला की भाकरी थापताना त्यांची एक भाकर तव्यावर काळी झाली. नवऱ्याला विचारलं असतं तर उत्तर मिळालंच असतं. तीच पंचाईत होती.

शाळेत सिंधूताई नावाच्या बाई होत्या. देऊळगाव राजाच्या. शाळेच्या बाजूलाच राहायच्या आणि 'असं का?'च्या दिवशी बायकांत बसून अवघड शब्दांचा अर्थ सांगायच्या. रुखमाबाई ताकाचा गडवा घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

"ताई, रेडिओले एक इचाराचं हाय."

सिंधूताईंनी पोस्टकार्ड काढलं. रुखमाबाईंनी सगळं सांगितलं. दोन रांजण, एक कुंभार, एक विहीर, एक रंग. सिंधूताई लिहिता लिहिता थांबल्या.

"तुम्ही हात बदलून पण पाहिले?"

"हाव. हातातच खोट असली तं?"

सिंधूताईंनी तेही लिहिलं. मग विचारलं, "नाव काय टाकू? तुमचं टाकते."

"माहं नको. गावात इशारे होतीन. नवऱ्याचं आयकत नाही अन् रेडिओले इचारते म्हनतीन." रुखमाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "घरधन्याचं टाका."

"शेषरावांचं? अहो, त्यांना कळलं तर?"

"इचारलं त्यायनं म्हनजे उत्तर बी त्यायचंच झालं नाही का? आपल्या उत्तराले ते कधी नाही म्हनत नाहीत."

सिंधूताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि नाव लिहिलं.

पहिल्या गुरुवारी काही आलं नाही. त्या दिवशी तारे का लुकलुकतात यावर उत्तर झालं आणि शेषरावांनी मागं वळून, "हेच मी म्हनत होतो," असं सांगितलं. पुढच्या गुरुवारनंतर लगेच अखजी होती. कचरूच्या उतरंडी तशाच उभ्या होत्या. त्याची बायको जनकाबाई घागरी डोक्यावर घेऊन आजूबाजूच्या खेड्यांत फिरून आली, पण मातीची गोष्ट तिच्या आधीच तिथं पोचलेली होती.

आणि त्याच गुरुवारी उत्तमरावांनी जाहीर केलं की बॅटरी उतरली आहे. नवी येईपर्यंत फक्त बाजारभाव लावायचे, बाकी बंद.

शाळेच्या भिंतीआड रुखमाबाई उठून उभ्या राहिल्या. पण त्यांना काही करावं लागलं नाही. पारावरून शेषरावांचा आवाज आला.

"बाजारभाव ठेवा बंद. 'असं का?' लावा."

"भाऊ, बॅटरी मधातच जाईन."

"गेली तं मी सोताच्या पैशानं आनतो. गावाले ग्यान भेटाले पाह्यजे. कुलूप खोला."

उत्तमरावांनी किल्ली काढली. कर्णा खरखरला. आवाज बारीक होता, त्यामुळे सगळे पुढे सरकले. बायकाही भिंत सोडून पुढे आल्या. मागच्या बाजूला कचरू येऊन उभा होता. संध्याकाळी त्याला आताशा घरी काम नसे.

"पुढचा प्रश्न," तो गोड आवाज म्हणाला, "बुलडाणा जिल्ह्यातल्या सावरखुटा या गावाहून आला आहे."

गावाचं नाव कर्ण्यातून येताना सावरखुट्यानं पहिल्यांदा ऐकलं.

"श्री. शेषराव जवंजाळ विचारतात..."

शेषरावांनी आपलं नाव ऐकलं आणि मागं वळून पाहिलं, जणू त्या नावाचा दुसरा कुणी मागे बसला असेल. मागची सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"शेषराव लिहितात, की त्यांनी घरच्या रांजणाला बाहेरून रंग लावला आणि त्यातलं पाणी गार होईनासं झालं. दोष मातीचा की रंगाचा, हे कळावं म्हणून त्यांनी एकाच कुंभाराचे दोन रांजण शेजारी ठेवले. एक रंगवलेला, एक साधा. दोन्हीत एकाच विहिरीचं पाणी भरलं. रंगवलेल्याचं कोमट, साध्याचं गार. इतकंच नव्हे, तर त्यांनी हात बदलूनही पाहिले. श्रोतेहो, विज्ञान म्हणतात ते हेच. उत्तराच्या आधी मला याचंच कौतुक करायचं आहे. स्वतःच्या हातून झालेल्या गोष्टीवर शंका घ्यायला मोठं मन लागतं."

शेषराव हलले नाहीत. त्यांच्या ओसरीत दोन रांजण होते हे त्यांना माहीत होतं. दुसरा का आणला, असं त्यांनी विचारलं होतं आणि रुखमाबाईंनी 'पाहुने येतीन' असं सांगितलं होतं.

"तर, मातीच्या रांजणाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात," आवाज पुढे म्हणाला. "त्यातून पाणी झिरपतं आणि बाहेर येऊन वाऱ्यानं सुकतं. पाण्याला सुकायला उष्णता लागते. ती उष्णता ते आतल्या पाण्यातून काढून घेतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. उन्हातून येऊन घामेजल्या अंगानं झाडाखाली बसलं की गार वाटतं ना, तसंच. रंगानं ही छिद्रं बुजली, की पाझर थांबला आणि गारवाही थांबला. रांजण पाझरतो ही त्याची खोट नव्हे. तेच त्याचं काम. माती उत्तम आहे, कुंभारही..."

इथं बॅटरी गेली.

कडूबा शेषरावांकडे वळला.

"भाऊ, म्हनजे तुमी पाहून राह्यले होते. अन् आमाले सांगतलं नाही."

शेषरावांसमोर दोन वाटा होत्या. आपण पत्र लिहिलंच नाही असं सांगणं ही एक. पण मग लिहिलं कुणी, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर शाळेच्या भिंतीजवळ डोक्यावर पदर घेऊन उभं होतं. शेषरावांनी तिकडे एकदा पाहिलं.

"आधी खात्री करून घेत होतो," ते म्हणाले.

"आमच्या रांजनावर?"

"दोन रांजनावर खात्री नाही होत, कडूबा."

लोक हसले. शेषराव हसले नाहीत. ते उठले, माणसांतून वाट काढत मागे गेले आणि कचरूसमोर उभे राहिले. आता जे बोलायचं होतं त्याची त्यांना सवय नव्हती.

"कचरू," ते हळू आवाजात म्हणाले, "तुह्या मातीत खोट नव्हती. माह्या बोलन्यात होती."

कचरूनं मान हलवली. "मले तं वाटलं नालाच बिघडला. म्या दुसरी माती पाहाले मेहकरच्या रस्त्यालोक जाऊन आलो."

"सकाळी येतो. माह्या घरी घागरी पाह्यजेत. अन् एक रांजन."

सकाळी शेषराव गेले तेव्हा तिथं आधीच गर्दी होती. अखजीला कचरूच्या अंगणात फुटकी घागर तेवढी उरली. गावभर रंग खरवडायचं काम आठवडाभर चाललं, विटांच्या तुकड्यांनी. ज्यांचा निघाला नाही त्यांनी त्या रांजणात ज्वारी भरून ठेवली.

चावडीवरून घरी आल्यावर त्या संध्याकाळी शेषरावांनी विचारलं होतं, "कार्ड कोनं लेहलं?"

"सिंधूताईनं," रुखमाबाई म्हणाल्या.

"अन् माहं नाव कोनं सांगतलं?"

"मी कुठी तुमचं नाव घेते कधी?"

हे खरं होतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. शेषरावांनी तो विषय तिथंच सोडला. पण ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली. रेडिओवर आपलं कौतुक झालं, अमडापूरच्या बाजारात लोक ओळखून रामराम करू लागले, आणि त्यातलं काहीच आपलं नव्हतं. रामराम घेताना ते आताशा खाली बघत. बायकोला तसं म्हणावं तर शब्द सापडत नव्हता. मग त्यांना एक युक्ती सुचली.

मृग बरसला, पेरण्या आटोपल्या. शेषराव एका दुपारी शाळेत गेले. सिंधूताईंनी खडू खाली ठेवला.

"बाई, रेडिओले एक कार्ड टाकाचं हाय. नाव तिचं टाका. पुरं टाका."

"प्रश्न कोणता?"

तो त्यांनी विचारपूर्वक निवडला होता. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, मळ्यातल्या मांडवाखाली दोघं अडकले असताना रुखमाबाईंनी त्यांना विचारलेला. त्यांना विचारलेला तो पहिलाच 'काऊन'. तेव्हा त्यांनी नव्या नवरीसमोर तोंडाला येईल ते ठोकून दिलं होतं. ते चूकच असणार याची त्यांना आता खात्री होती. इतक्या वर्षांनी तिला खरं उत्तर मिळावं, तिच्या नावानं मिळावं, सगळ्या गावासमोर मिळावं, एवढाच त्यांचा विचार होता.

नवी बॅटरी शेषरावांनीच आणली होती, त्यामुळे त्या गुरुवारी कर्णा खणखणीत होता.

"सावरखुट्याच्या सौ. रुखमाबाई शेषराव जवंजाळ विचारतात, की वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून ऐकू येतो, असं का?"

बायकांत कुजबुज झाली. रुखमाबाईंनी पदर पुढे ओढला, मग जरा मागे घेतला. शेषराव समाधानानं बसले होते.

"फार सुंदर प्रश्न," आवाज म्हणाला. "वीज आणि गडगडाट एकाच वेळी निघतात. पण प्रकाश अतिशय वेगानं येतो आणि आवाज त्यामानानं सावकाश. समजा, दोन माणसं एकाच गावाहून एकाच वेळी निघाली. एक सायकलवर आणि एक बैलगाडीत. आधी कोण पोचेल?"

शेषरावांची पाठ सरळ झाली. मांडवाखाली, पागोळ्या गळत असताना, त्यांनी जे ठोकून दिलं होतं ते अक्षर न अक्षर त्यांना आठवलं. उजेड सायकलवर येते. आवाज बैलगाडीत.

कार्यक्रम संपला. शेषराव सवयीनं मागे वळले, पण त्यांच्या तोंडून काही निघायच्या आत कडूबा म्हणाला, "भाऊ, वयनीले तुमी याचं काय सांगतलं होतं? काहीतरी उलटंच सांगतलं असन, म्हनून तं तिले रेडिओले इचारा लागलं."

"हेच सांगतलं होतं," शेषराव म्हणाले.

पार हसला.

"खरंच हेच. सायकल बी सांगतली होती. बैलगाडी बी."

पार आणखी हसला. उत्तमरावांना पेटीचं कुलूप लावता येईना. कचरूसुद्धा तोंडावर फडकं धरून हसत होता. शेषराव एकेकाकडे बघत राहिले आणि शेवटी गप्प बसले, कारण आपण ऐकणाऱ्याच्या जागी असतो तर आपणही विश्वास ठेवला नसता हे त्यांना दिसत होतं.

घरी रुखमाबाईंनी चूल पेटवली. काटवटीत पीठ घेतलं.

"तुमचं बरोबर होतं," मग त्या म्हणाल्या.

"तुले आठोते?"

"हाव. सायकल अन् बैलगाडी. तवाच पटलं होतं मले."

"मंग तिथं काऊन नाही सांगतलं?"

"बाप्यायमंदी कशी बोलू? अन् बोलली असती तं म्हनले असते, नवऱ्याची बाजू घेते." त्यांनी भाकर तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. "साऱ्या उत्तरात एक ते बरोबर होतं तुमचं. नेमकं तेच कसं इचारलं?"

"मले वाटलं, ते चुकलं असन."

"माह्या नावानं इचाराचं तं मले काय माहीत नाही, ते आधी मले तं इचाराचं."

शेषरावांनी यावर विचार केला. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी पाट ओढला आणि चुलीजवळ बसले.

"बरं," ते म्हणाले, "काय काय माहीत नाही तुले?"

रुखमाबाईंनी भाकर उलटली, लाकडं थोडी मागे ओढली आणि पाठीला भिंत लावली.

"जेऊन घ्या आधी," त्या म्हणाल्या. "टाइम लागन."